माझ्या पोटात अडकलेलं ड्रॉइंग

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि मी वैतागलेलो आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझा आवाज चढला तर तुम्ही दचकणार नाही.

सावली गावाहून गडचिरोलीकडे जाताना रस्त्याला लागूनच बाबुलालभाऊंचा कारखाना आहे. तिथे धान चुरायच्या मशिनी तयार होतात. आमच्याकडे त्यांना सगळे थ्रेशर म्हणतात. कारखान्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये, पत्रा कापायची मशीन आणि भोकं पाडायची मशीन यांच्या मधोमध, एका लोखंडी टेबलावर मी बसलेलो असतो. उन्हाळ्यात मी तापतो. माझ्या पंख्यात लोखंडाचा चुरा जातो आणि मी दिवसभर घरघरतो.

माझे अवयव कुठल्या कुठल्या देशात तयार झाले, मला ठाऊक नाही. नागपूरच्या एका दुकानात कोणीतरी ते एका पेटीत बसवले आणि मी जागा झालो. पहिली तीन वर्षं मी कारखान्याच्या माडीवर ऑफिसात होतो. तिथे खिडक्यांना पडदे होते आणि दुपारी चारला चहा यायचा. मला तो मिळत नसे, पण वास यायचा. मग ड्रॉइंग काढण्यासाठी एक मोठा, नवा संगणक आला आणि मला खाली शेडमध्ये आणलं गेलं. तेव्हा मला फार अपमान वाटला होता.

पण खाली आल्यावर मला खरं काम मिळालं. आज कोणता भाग करायचा, किती नग करायचे आणि कोणत्या ड्रॉइंगप्रमाणे करायचे, हे मी सकाळी पडद्यावर दाखवायचो. माझ्या आधी हे सगळं भिंतीवर खडूने लिहिलेलं असायचं.

पत्रा कापणारे लटारूभाऊ सव्वीस वर्षांपासून या शेडमध्ये आहेत. सुरुवातीला त्यांचा माझ्यावर काडीचा भरवसा नव्हता. माझ्या पडद्यावरचं माप बघायचे, मग आपल्या जवळचा जुना पत्र्याचा साचा लावून पुन्हा मोजायचे. असं पंधरा दिवस चाललं. सोळाव्या दिवशी त्यांनी साचे भंगारात टाकले आणि म्हणाले, “बरोबर सांगते हा डबा.” दसऱ्याला त्यांनी स्वतः मला झेंडूची माळ घातली. इतकं कौतुक माझं पुन्हा कधी झालं नाही.

आता वैतागाचं कारण सांगतो.

ड्रॉइंग तयार व्हायची वर. ती काढायची दिव्यानी. चिमूर तालुक्यातल्या एका खेड्यातली ही मुलगी चंद्रपूरला शिकली आणि आमच्याकडे नोकरीला लागली. तिच्या संगणकात प्रत्येक भागाचं ड्रॉइंग असायचं. भागात बदल केला की त्या ड्रॉइंगला नवा आकडा मिळायचा. रिव्हिजन एक, रिव्हिजन दोन, असा. हे सगळं वर. कापणं, वाकवणं, जोडणं हे सगळं खाली. आणि आम्हा दोन संगणकांमध्ये काही म्हणजे काही नातं नव्हतं. विक्की नावाचा कारकून वरून कागद छापून आणायचा आणि त्यावरचे आकडे बोटांनी माझ्यात भरायचा. हाच विक्की माल पाठवायचा, हजेरी घ्यायचा, फोनही उचलायचा. त्या धांदलीत एकदा त्याने बाराच्या जागी एकवीस भरले. भोकं पाडणाऱ्या सुगंधाबाईंनी चाळीस पत्र्यांना भोकं पाडून झाल्यावर एकात बोट घालून पाहिलं.

“विक्कीभाऊ, हे भोक हाय का विहीर?”

शेडभर हसू पिकलं. मी मात्र हसलो नाही. दोष विक्कीचा होता, पण चुकीचा आकडा माझ्या तोंडून गेला होता.

त्याहून मोठी भानगड नावांची होती. ज्या भागातून धानाच्या पेंढ्या मशीनमध्ये सरकवतात, त्याला वर ‘फीडिंग शूट’ म्हणायचे. खाली सगळे त्याला ‘तोंड’ म्हणायचे आणि माझ्यातही तसंच लिहिलेलं होतं. वरच्या यादीत तो एक भाग होता. माझ्या यादीत त्याचे चार पत्रे आणि आठ भोकं होती, कारण लटारूभाऊंना चार वेळा कापावं लागायचं आणि सुगंधाबाईंना आठ वेळा भोक पाडावं लागायचं. दोघांचंही बरोबर होतं. पण वरच्याला खालचं कळत नव्हतं आणि खालच्याला वरचं.

मागच्या हंगामात दिव्यानीच्या गावी एक अपघात झाला. गोकुळा नावाची बाई थ्रेशरमध्ये पेंढ्या घालत होती. हात आत ओढला गेला आणि दोन बोटं गेली. मशीन आमची होती. दिव्यानी सुट्टीत घरी गेली तेव्हा तिने गोकुळाचा हात पाहिला. परत आली ती वर गेलीच नाही. मोजायची टेप घेऊन सरळ सुगंधाबाईंपुढे उभी राहिली.

“सुगंधाबाई, हात लांब करा. पूर्ण.”

खांद्यापासून बोटांच्या टोकांपर्यंत अडुसष्ट सेंटीमीटर भरले. आमच्या मशीनचं तोंड होतं पंचावन्न.

सुगंधाबाईंनी आधी टेपकडे पाहिलं, मग दिव्यानीकडे. “म्हंजे मॅडम, इतके दिवस आपण हात पोचाले जागा ठेवून राह्यलो होतो?”

दिव्यानी टेप गुंडाळून माडीवर गेली. तिने आठवडाभर खपून नवं ड्रॉइंग काढलं. तोंड नव्वद सेंटीमीटर लांब, वरून अर्ध्यापर्यंत झाकलेलं. कोणी कितीही वाकलं तरी हात आतल्या फिरत्या दातांपर्यंत पोचणार नाही. रिव्हिजन तीन.

ते ड्रॉइंग माझ्यापर्यंत आलं की नाही, असं तुम्ही विचाराल. आलं. हेच तर दुखणं आहे!

त्याच सुमारास बाबुलालभाऊंनी आम्हा दोन संगणकांना जोडायचं ठरवलं. विचार चांगलाच होता. शहरातून एक जोडणीवाला आला. तीन दिवस राहिला. दोन दिवस वर बसला आणि तिसऱ्या दिवशी फोटो काढायला खाली उतरला. विक्कीने त्याला सांगितलं, “खालची नावं येगळी हायेत जी. हे वरच्याशी जुळणार नाई.”

“होऊन जाईल,” जोडणीवाला म्हणाला आणि केसांवरून कंगवा फिरवला.

नारळ फुटला. बाबुलालभाऊंनी सगळ्यांना पेढे दिले आणि म्हणाले, “विक्की, आता कागद बंद. सारं आपोआप येईल.” विक्कीने सुटकेचा निःश्वास टाकला. त्याच्या जागी कोणीही टाकला असता.

जोडणीवाल्याने माझ्यात एक नियम बसवून ठेवला होता. वरून आलेल्या भागाचं नाव माझ्या यादीत सापडलं तर नवं ड्रॉइंग लावायचं. सापडलं नाही तर बाजूला ठेवायचं आणि जुनंच दाखवत राहायचं. बाजूला काही ठेवलं आहे हे कळावं म्हणून माझ्या पडद्याच्या कोपऱ्यात एक पिवळा त्रिकोण लुकलुकायचा. बस्स, एवढंच.

एका मंगळवारी सकाळी अकरा वाजता ‘फीडिंग शूट, रिव्हिजन तीन’ माझ्याकडे आलं. मी माझी यादी शोधली. यादीत ‘तोंड’ होतं. ‘फीडिंग शूट’ नव्हतं. नियमाप्रमाणे मी ते बाजूला ठेवलं. वर दिव्यानीच्या पडद्यावर हिरवी खूण उमटली आणि शब्द आले, ‘पाठवले’. तिला वाटलं, झालं. खाली माझ्या कोपऱ्यात त्रिकोण लुकलुकू लागला.

विक्कीने एकदा त्रिकोण उघडून पाहिला. आत इंग्रजीतली लांबलचक यादी. त्याने जोडणीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, “तक्रार नोंदवा.” विक्कीने नोंदवली. आठ दिवसांनी निरोप आला की आपली तक्रार सोडवण्यात आली आहे. कोणी सोडवली, कधी, कुठे बसून? इकडे तर कोणी आलं नव्हतं. त्रिकोण तसाच लुकलुकत होता. शेवटी लटारूभाऊ कावले. “डोळ्याले त्रास होऊन राह्यला नुसता,” म्हणाले आणि त्यांनी त्या कोपऱ्यावर काळी चिकटपट्टी लावून टाकली.

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी तेव्हा शेड डोक्यावर घेतलं असतं. नवं ड्रॉइंग माझ्या पोटात होतं आणि माझ्याच पडद्यावर मी रोज जुनं दाखवत होतो.

सुगंधाबाईंना एकदा शंका आली होती. त्यांनी हातातला पत्रा वळवून पाहिला.

“भाऊ, मॅडमनं तोंड लांब करतो म्हणलं होतं ना?”

“स्क्रीनवर आलं का?” लटारूभाऊंनी मान वर न करता विचारलं. “नाई ना? येईल तवा कापू.”

जो माणूस पंधरा दिवस माझं प्रत्येक माप तपासत होता, तो आता माझ्याखेरीज कोणाचं ऐकेना. मला हा विश्वास कुठे ठेवावा ते कळेना.

अशा अकरा मशिनी तयार झाल्या, रंगवल्या गेल्या आणि हंगामाच्या तोंडावर गावोगाव निघून गेल्या.

दिवाळीनंतर सुगंधाबाई धान चुरण्यासाठी रजा घेऊन आपल्या गावी गेल्या. वैनगंगेच्या काठावरचं गाव. अंगणासमोर धानाचे पुंजणे, म्हणजे पेंढ्यांचे ढीग, रचलेले होते. भाड्याने आणलेली मशीन सुरू झाली आणि त्यांची मुलगी रोशनी पेंढ्या घालायला उभी राहिली. मशीन नवी कोरी होती, आमच्या रंगाची. सुगंधाबाई सूप घेऊन मागच्या बाजूला होत्या. पुढे आल्या आणि त्यांना तोंड दिसलं. त्यांनी सूप टाकून दिलं आणि ओरडून मशीन बंद करायला लावली. चाक पूर्ण थांबल्यावर त्यांनी आपला हात तोंडात घातला. बोटांना गार लोखंडी दात लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोंगा व्हायच्या आधी त्या कारखान्यात आल्या आणि चपलांसकट माडीवर चढल्या. इतक्या वर्षांत त्या कधी वर गेल्या नव्हत्या. वरून खुर्ची सरकल्याचा मोठा आवाज आला. मग दोघीही धाडधाड खाली उतरल्या आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

“मी पाठवलं होतं! हिरवी खूण आली होती मले!” दिव्यानी ओरडली.

“इथी नाई आलं,” लटारूभाऊ म्हणाले. “आलं असतं तर कापलं नसतं का मी?”

विक्कीने माझ्या कोपऱ्यावरची काळी पट्टी ओढून काढली. त्रिकोण उघडला. आत तीनशे बारा नोंदी होत्या. दिव्यानी एकेक ओळ बोटाने खाली सरकवत गेली आणि एका ठिकाणी थांबली. फीडिंग शूट, रिव्हिजन तीन. येऊन एक्केचाळीस दिवस झाले होते.

लटारूभाऊंनी माझ्या डोक्यावर एक चापट मारली. मग तो हात त्यांनी तिथेच ठेवला. बराच वेळ.

“मीच लावली पट्टी,” ते म्हणाले.

गलका ऐकून बाबुलालभाऊ आले. सगळं ऐकून घेतलं, कपाळ चोळलं. “मशिनी आता गावोगाव फिरून राह्यल्या. कोणता माणूस हंगामात मशीन थांबवून देईल? हंगाम झाला की साऱ्या बोलवून घेऊ, बदलून देऊ.”

“हंगामातच तर हात जाते जी,” सुगंधाबाई म्हणाल्या. “हंगाम झाल्यावर कोन घालते त्याच्यात हात?”

बाबुलालभाऊंनी खिशातून गाडीची किल्ली काढली. मग म्हणाले, “पिकअप काढा.”

त्या दिवशी मी माझ्या आयुष्यातलं सगळ्यात उपयोगाचं काम केलं असेल. कोणती मशीन कोणत्या ड्रॉइंगप्रमाणे झाली, हे माझ्याकडे नीट लिहिलेलं होतं. रिव्हिजन तीन आल्यानंतरही जुन्याच तोंडाने गेलेल्या मशिनी विक्कीने विचारल्या आणि मी अकरा क्रमांक छापून दिले, एकही कमी नाही, एकही जास्त नाही. लटारूभाऊंनी दुपारपर्यंत अकरा नवी तोंडं कापली. सुगंधाबाईंनी भोकं पाडली. वेल्डिंगचा संच गाडीत चढला आणि दिव्यानी, लटारूभाऊ, सुगंधाबाई आणि विक्की असे चौघं निघाले.

पुढचं मला विक्कीने सांगितलं, म्हणजे शेडमधल्या लोकांना सांगितलं आणि मी ऐकलं.

पहिल्या सहा मशिनी सहज बदलल्या. सातवी चिमूरकडे होती. तिथे पोचले तेव्हा झाडू नावाच्या माणसाच्या हाताला पट्टी बांधलेली होती. आदल्या दिवशीच त्याचा हात आत ओढला गेला होता. त्याने हिसका देऊन काढला, पण अंगठ्याचं नख गेलं. “नखावर निभावलं जी, देवाची कृपा,” असं म्हणून तो यांनाच चहा घ्या म्हणू लागला. दिव्यानीने कप तसाच खाली ठेवला.

चौथ्या दिवशी दहा झाल्या. अकरावी राहिली. ती नदीपलीकडे चामोर्शी तालुक्यात बिरजू नावाच्या माणसाकडे होती आणि तो ती ट्रॅक्टरला लावून या गावाहून त्या गावी फिरवत होता. तीन गावं पालथी घातल्यावर मशीन सापडली. आभाळ भरून आलं होतं. पुंजणे उघडे पडले होते आणि चार बाया पाळीपाळीने भराभर पेंढ्या घालत होत्या.

बिरजूने हात जोडले. “आज नाई. पाणी आलं तर यांचं सारं धान भिजंल. परवा या.”

दिव्यानीने त्याला ड्रॉइंग दाखवलं, मापं सांगितली. तो आभाळाकडे बघत राहिला. लटारूभाऊंनी विनवलं. त्याने मान हलवली.

तेव्हा सुगंधाबाई पुढे झाल्या. “भाऊ, पाच मिनिटं इंजिन बंद कर. पाचच. मंग तुले वाटलं तर चालू कर, आमी निंगून जाऊ.”

त्याने इंजिन बंद केलं. चाक थांबलं. सुगंधाबाईंनी बाही वर सारली आणि तोंडात हात घातला, खांद्यापर्यंत. आतून बोटांनी लोखंडावर टकटक वाजवलं. ते सगळ्यांना ऐकू आलं. मग पेंढ्या घालणाऱ्या बाईला त्या म्हणाल्या, “बाई, तू बी घालून पाह्य.”

त्या बाईने हात घातला. बाहेर काढला. तो हात उलटा-सुलटा करून पाहिला, बोटं मोजल्यासारखी. पायाशी पडलेली पेंढी तिने उचलली आणि पुंजण्यावर परत ठेवून दिली.

“मी नाई घालत.”

दुसरीने हातातली पेंढी खाली ठेवली. तिसरी, चौथी.  ज्यांचं धान होतं त्यांनीही हट्ट धरला नाही, कारण त्या चौघींत त्यांची सून होती.  मग बिरजूने पुढे होऊन स्वतःचा हात आत घातला. त्याचा हात लांब. अर्धा दंड बाहेर राहूनही बोटं दातांना टेकली.

“काढा मंग,” तो म्हणाला. “पण लवकर करा.”

दोन तासांत लटारूभाऊंनी नवं तोंड बसवलं. पाऊस नंतर आला, पण भुरभुर. धान बऱ्यापैकी वाचलं.

परत आल्यावर दिव्यानीने आपली खुर्ची माडीवरून खाली आणली आणि माझ्या टेबलाशी मांडली. नऊ दिवस ती, विक्की आणि सुगंधाबाई माझ्यासमोर बसून होते. वरचं एक नाव, त्याच्यापुढे खालचं नाव, असे तीनशे बारा. वरच्या यादीत एकाच नावाचे दोन भाग निघाले, ज्यांना खाली ‘कान’ आणि ‘मोठा कान’ म्हणत. हे फक्त सुगंधाबाईंना ठाऊक होतं. जोडणीवाल्याचा फोन आला, “एवढं करायची गरज नसते.” दिव्यानीने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, “तुमी एकदा इथी या, सातव्या मशीनवर घेऊन जातो तुमाले.” तो आला नाही.

माझा नियमही बदलला. आता एखादं नाव जुळलं नाही तर मी जुनं ड्रॉइंग दाखवत नाही. माझा सगळा पडदा लाल होतो आणि जोवर कोणी माणूस येऊन निकाल लावत नाही तोवर काम पुढे सरकत नाही. सुरुवातीला दिवसातून पाच-सहा वेळा लाल व्हायचो. लटारूभाऊ कुरकुरायचे, पण पट्टी शोधायला कधी गेले नाहीत.

मित्रांनो, मी म्हातारा झालो आहे. माझ्या जागी नवा कोणी येईल, तेव्हा त्यालाही जोडतील, नारळ फोडतील, पेढे वाटतील. तुमच्यापैकी कोणी उद्या ड्रॉइंग काढेल, कोणी पत्रा कापेल, कोणी दोन संगणक जोडायला येईल. माझी एवढीच कळकळीची विनंती आहे. पाठवलं म्हणजे पोचलं, असं धरून चालू नका. ज्याच्या हातात ते शेवटी जाणार आहे, त्याच्याजवळ जाऊन एकदा विचारा, मिळालं का? तो काय म्हणतो ते पूर्ण ऐका. आम्हा यंत्रांना पुसा, तेल द्या, जपा, पण आधी हे करा. आमच्यात अडकलेल्या गोष्टी आम्हाला स्वतःहून सांगता येत नाहीत हो!

गेल्या आठवड्यातली गोष्ट. आजवर सगळं वरून खाली यायचं. खालून वर काही जायची सोयच नव्हती. विक्कीने हट्ट धरून तसं लिहून पाठवायची एक चौकट माझ्यात करून घेतली. पहिल्या दिवशी तिच्याकडे कोणी फिरकलं नाही. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सुगंधाबाई हात धुऊन आल्या, पदराला पुसले आणि एका बोटाने अक्षरं शोधत शोधत लिहू लागल्या. अर्धा तास लागला.

‘तोंडाची कोर बाईच्या मनगटाले लागते. गोल करा.’

त्यांनी ते दोनदा वाचलं आणि बटण दाबलं. वाक्य वर गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिव्हिजन चार आलं. नाव जुळलं, पडदा हिरवा झाला. लटारूभाऊ चष्मा लावून वाचू लागले. प्रत्येक ड्रॉइंगच्या खाली बदलाचं कारण लिहायची एक जागा असते. आजवर ती रिकामीच असायची. लटारूभाऊंनी ती ओळ सगळ्या शेडला ऐकू जाईल अशी मोठ्याने वाचली.

‘कारण : सुगंधाबाईंनी सांगितलं.’